जर्मनीत फ्रीलान्सर म्हणून जायचंय? फाईल बांधण्यापासून परवान्याच्या नूतनीकरणापर्यंत

परदेशात नोकरी मिळाली की व्हिसाच्या कागदपत्रांचा निम्मा भार कंपनीचा एचआर विभाग उचलतो. फ्रीलान्सरच्या मागे असं कुणी नसतं. त्यामुळे ‘स्वतंत्र काम करणाऱ्याला लांब मुदतीचा व्हिसा मिळतच नाही’ असा समज आपल्याकडे पक्का आहे. तो निदान जर्मनीच्या बाबतीत खरा नाही. जर्मन रहिवास कायद्याच्या कलम २१ मध्ये स्वतःचं काम करणाऱ्यांसाठी परवाना आहे आणि त्याच कलमाचं पाचवं पोटकलम खास मुक्त व्यावसायिकांसाठी आहे. अनुवादक, भाषाशिक्षक, पत्रकार, संगीतकार, अभियंते, डिझायनर अशी मंडळी याच वाटेनं तिथं राहतात.

या फाईलचा सगळा तोल मात्र एका प्रश्नावर असतो: तुमचं काम तिथं कुणाला हवं आहे? बँकेत किती पैसे आहेत हे नंतर येतं. आपले लोक नेमकं उलट करतात. आधी एफडीच्या पावत्या गोळा करतात, मग फॉर्म भरतात आणि जर्मन ग्राहक ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून देतात. पुढचा सगळा लेख हा क्रम सरळ करण्यासाठी आहे.

एक खुलासा आधीच. तुमचे सगळे ग्राहक अमेरिकेत किंवा भारतात असतील आणि तुम्हाला फक्त लॅपटॉप घेऊन युरोपात राहायचं असेल, तर जर्मनी तुमच्यासाठी नाही. तिथं ‘डिजिटल नोमॅड’ नावाचा व्हिसा नाही. पोर्तुगालचा डी ८ व्हिसा २०२२ पासून आहे आणि त्याला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न दाखवावं लागतं. स्पेननंही २०२३ पासून तशी सोय केली आहे. तो वेगळा मार्ग आहे, त्याची कागदपत्रंही वेगळी.

तुमचा व्यवसाय कोणत्या खान्यात बसतो

जर्मन कायदा स्वतंत्र काम करणाऱ्यांचे दोन गट करतो. एक ‘फ्रायबेरुफ्लर’, म्हणजे मुक्त व्यावसायिक. दुसरा ‘गेवेर्बे’, म्हणजे धंदा. कोण कुठे, हे जर्मन आयकर कायद्याच्या कलम १८ वरून ठरतं. त्यात डॉक्टर, वकील, अभियंते, वास्तुरचनाकार, पत्रकार, दुभाषे, अनुवादक अशी नावं सरळ दिली आहेत. शिवाय वैज्ञानिक, कलात्मक, लेखनाचं आणि शिकवण्याचं काम त्यात येतं. भाषेचे शिकवणीवर्ग घेणारी व्यक्ती इथं निर्धास्त बसते. योगशिक्षकही बहुतेक वेळा ‘शिकवण्या’त मोजले जातात.

धंद्याच्या खान्यात गेलात तर रहिवास कायद्याच्या कलम २१ मधल्या पहिल्या पोटकलमाची परीक्षा लागते: तुमच्या धंद्याची त्या भागाला आर्थिक गरज आहे का, त्याचा तिथल्या अर्थव्यवस्थेवर चांगला परिणाम होईल का, भांडवल नक्की झालंय का. पाचव्या पोटकलमाखाली जाणाऱ्याला ही गरज सिद्ध करावी लागत नाही. फरक मोठा आहे. त्यामुळे अर्जात स्वतःच्या कामाचं वर्णन करताना शब्द जपून वापरा.

सर्वांत जास्त गोंधळ सॉफ्टवेअरवाल्यांचा होतो. स्वतः प्रणालीची रचना करणारा, अभियांत्रिकीची पदवी असलेला डेव्हलपर ‘अभियंत्यासारखं काम करणारा’ म्हणून मुक्त व्यावसायिक ठरू शकतो. तयार वेबसाइटचे साचे विकणारा, होस्टिंगवर कमिशन घेणारा किंवा हाताखाली माणसं लावून काम करून घेणारा धंद्यात जातो. डिजिटल मार्केटिंग हाही काठावरचा प्रकार आहे: मजकूर लिहिणं एका बाजूला, जाहिरातीचं बजेट चालवणं दुसऱ्या बाजूला. शेवटचा निर्णय तिथलं करखातं म्हणजे ‘फिनान्त्सआम्ट’ घेतं, पण व्हिसाच्या टेबलावर तुमचं वर्णनच वाचलं जातं. ‘मी आयटी सर्व्हिसेस देतो’ असं मोघम लिहू नका. ‘उद्योगांसाठी डेटाबेसची रचना आणि विकास’ असं नेमकं लिहा.

काही व्यवसायांना तिथला परवाना लागतो. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांना शासनाची मान्यता हवी. वास्तुरचनाकाराला ती पदवी लावायची तर राज्याच्या वास्तुरचनाकार मंडळात नोंद हवी. परवाना मिळालेला असावा किंवा मिळेल असं लेखी आश्वासन असावं, असं कलम २१ च सांगतं. बाकीच्यांनी ‘अनाबिन’ या सरकारी डेटाबेसमध्ये आपलं विद्यापीठ आणि पदवी कशी नोंदली आहे ते पाहावं. तिथं नीट सापडत नसेल तर बॉनमधल्या, परदेशी पदव्या तपासणाऱ्या केंद्रीय कार्यालयाकडून पदवीच्या तुल्यतेचं प्रमाणपत्र काढता येतं. शुल्क दोनशे युरोंच्या थोडं वर आहे.

शहर आधी ठरवा

व्हिसा मुंबईची जर्मन वकिलात देते असं वाटतं, पण तुमची फाईल जाते तुम्ही जिथं राहणार आहात त्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे, ‘आउसलेंडरबेहोर्डे’कडे. संमती तिथून येते. म्हणजे तुमचा खरा वाचक बर्लिन, लाइप्त्सिश किंवा श्टुटगार्टमध्ये बसलेला आहे. तुम्ही पत्ता हँबुर्गचा दिलात आणि सगळी पत्रं म्युनिकच्या ग्राहकांची असली, तर तो विचारणारच की हा माणूस इथं का येतोय.

बर्लिनला बरेच जण जातात त्याला कारण आहे. तिथल्या कार्यालयानं कलाकार आणि भाषाशिक्षकांसाठी प्रक्रिया तुलनेनं सोपी ठेवली आहे, कागदपत्रांची यादी स्पष्ट छापलेली आहे. पण बर्लिनमध्ये भाड्याचं घर मिळवणं हा स्वतंत्र छळ आहे. तांत्रिक अनुवाद किंवा अभियांत्रिकी सल्ल्याचं काम असेल तर श्टुटगार्टचा परिसर अधिक सयुक्तिक. वाहनउद्योग तिथं आहे. हे शहर १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे, त्याचा व्हिसाला काडीचाही उपयोग नाही, पण गेल्यावर मराठी माणूस शोधायला लागत नाही.

ग्राहकांची पत्रं: इथं वेळ घाला

फाईलचा कणा म्हणजे जर्मन ग्राहकांची इरादापत्रं. ‘या व्यक्तीला परवाना मिळाला तर आम्ही तिच्याकडून काम घेऊ इच्छितो’ असं सांगणारी पत्रं. बर्लिनचं कार्यालय निदान दोन मागतं. तीन-चार असली तर फाईल भक्कम होते. पक्के करार असतील तर उत्तमच.

चांगल्या पत्रात काय असतं? कंपनीचा लेटरहेड, पत्ता, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. मग कामाचं वर्णन: यंत्रांच्या हस्तपुस्तिकांचा जर्मनमधून इंग्रजीत अनुवाद, असं. मग अंदाजे किती काम: महिन्याला साधारण किती तास किंवा किती शब्द. मग दर. मग कालावधी, कधीपासून कधीपर्यंत. आणि एक ओळ तुमच्याकडूनच का: या भाषाजोडीत आणि या विषयात यांचा हातखंडा आहे, तीन वर्षांपासून आमच्यासाठी काम करतात. ‘आम्ही यांना ओळखतो, त्या चांगल्या आहेत’ असं पत्र शाळेच्या दाखल्यावरच्या ‘वर्तणूक चांगली’ इतकंच उपयोगी असतं. आकडा नसलेलं पत्र अधिकारी बाजूला ठेवतात, कारण त्यांना त्यातून तुमचं उत्पन्न मोजायचं असतं.

सगळं काम एकाच ग्राहकाकडून, आठवड्याला चाळीस तास, असं पत्र आणलंत तर ते तुमच्या विरुद्ध जातं. जर्मनीत याला नावापुरता स्वयंरोजगार म्हणतात: प्रत्यक्षात नोकरी, पण कंपनीला विमा आणि पेन्शनचा हप्ता भरायचा नाही म्हणून फ्रीलान्सचा मुलामा. कायद्याला ते अजिबात चालत नाही. पुण्यातून एकाच जर्मन कंपनीला वर्षानुवर्षं सेवा देणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. ती कंपनी तुम्हाला इतकीच हवीहवीशी मानत असेल, तर सरळ नोकरीचा करार आणि ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा रहिवास परवाना, मागा; तो रस्ता सोपाही आहे आणि त्यात कायमच्या परवान्याचा काळही कमी आहे.

पत्रं मिळवायची कुठून? ज्यांचं काम आज भारतात बसून करता, त्यांच्यापासून सुरुवात करा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्स म्युलर भवनातून जर्मन शिकून अनुवादात उतरलेल्यांची एक पिढीच आहे आणि चाकण भागातल्या जर्मन कारखान्यांमुळे त्यांचे धागे मूळ कंपन्यांपर्यंत जातात. तिथल्या विभागप्रमुखाला विचारायला काहीच हरकत नाही. पत्र बंधनकारक नसतं हे मात्र पहिल्याच मेलमध्ये सांगा, नाहीतर तो ते कायदा विभागाकडे पाठवेल आणि महिना जाईल. भाषा किंवा योग शिकवणाऱ्यांनी प्रत्येक शहरात असणाऱ्या ‘फोल्क्सहोखशूले’ या प्रौढशिक्षण केंद्रांना लिहावं. ती तासिका तत्त्वावर शिक्षक घेतात. कलाकारांना संगीतशाळा, गॅलऱ्या, नाट्यसंस्था.

पैसे देऊन पत्र आणून देणारेही बाजारात आहेत. पत्रावरच्या क्रमांकावर फोन करणं अधिकाऱ्याला एका मिनिटाचं काम असतं. खोट्या कागदावर आलेला नकार पुढच्या प्रत्येक अर्जात तुमच्यासोबत येतो.

आकडे

आता पैशांकडे. विद्यार्थ्यांना जसं ठरावीक रकमेचं ब्लॉक्ड अकाउंट (ज्यातून दरमहा ठरलेलेच पैसे काढता येतात असं खातं) लागतं, तशी फ्रीलान्सरला एकच ठरलेली रक्कम नाही. कसोटी अशी: सरकारी मदतीशिवाय तुमचा निर्वाह चालला पाहिजे. मोजण्याची पट्टी साधारण अशी की एकट्या माणसाच्या सामाजिक साहाय्याचा मूळ दर, जो २०२४ पासून महिना ५६३ युरो आहे, त्यात तुमचं घरभाडं आणि आरोग्यविमा मिळवायचा. कर आणि धंद्याचे खर्च वजा जाऊन तुमचं उत्पन्न याच्या वर दिसलं पाहिजे.

एक कल्पित उदाहरण घ्या. लाइप्त्सिशला जाणारी तिशीतली अनुवादक. तीन पत्रांमधून महिन्याला २,८०० युरोंचं बिल होईल असं दिसतं. सॉफ्टवेअर, प्रवास, कर सल्लागार मिळून खर्च ३०० धरा. खाजगी आरोग्यविमा ३५० धरा. या उत्पन्नावर २०२५ च्या दरानं आयकर महिन्याला साधारण २६० युरो पडतो, कारण त्या वर्षी पहिले १२,०९६ युरो करमुक्त होते. उरले १,८९०. भाडं ५५० गेलं तरी हातात १,३४० राहतात. ५६३ च्या हे बरंच वर आहे, फाईल श्वास घेते. हेच बिल १,६०० चं असतं तर कर जवळजवळ शून्य होऊनही भाडं-विमा-खर्च जाऊन ४०० च राहिले असते आणि नकार आला असता.

हा हिशेब तीन कागदांवर मांडायचा असतो: उत्पन्नाचा अंदाज, सुरुवातीला लागणाऱ्या भांडवलाची यादी आणि ते पैसे कुठून येणार याचा तक्ता. बर्लिनच्या कार्यालयाचे त्यासाठी छापील नमुने आहेत. दुसऱ्या शहरात जात असाल तरी ते वापरायला हरकत नाही. सोबत पाच-सहा पानांचा व्यवसाय आराखडा. तो जर्मनमध्ये असेल तर फार बरं. वाक्यं साधी चालतील, पण उत्पन्नाच्या अंदाजातला प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या पत्रात सापडला पाहिजे.

स्वतःची बचतही दाखवा. ती पहिल्या सहा महिन्यांचा आधार म्हणून वाचली जाते. एफडी चालते, पण ती मोडता येते हे बँकेच्या पत्रात लिहून घ्या. फ्लॅटचं मूल्यांकन जोडण्यात अर्थ नाही. कोथरूडचा फ्लॅट विकून तुम्ही लाइप्त्सिशचं वीजबिल भरणार नाही हे त्यांनाही कळतं.

आयकर विवरणपत्राबाबत एक खास भारतीय अडचण आहे. आपल्याकडे बरेच फ्रीलान्सर जुन्या आयकर कायद्याच्या कलम ४४एडीएखाली विवरणपत्र भरत आले, त्यात एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची सोय आहे. कर वाचतो, पण व्हिसाच्या टेबलावर तुमचं उत्पन्न निम्मं दिसतं. सीएकडून एक पानाचं प्रमाणपत्र घ्या: गेल्या तीन वर्षांची एकूण जमा इतकी, विवरणपत्रातला नफा या तरतुदीमुळे इतका. बँकेची स्टेटमेंट्स आणि बिलं त्याला जुळली पाहिजेत.

वय ४५ च्या पुढे असेल तर म्हातारपणीच्या तरतुदीचा पुरावाही लागतो: पेन्शन, विमा, गुंतवणूक, मालमत्ता मिळून ठरावीक पातळीच्या वर. ती रक्कम दर वर्षी बदलते आणि मोठी असते. काही देशांच्या नागरिकांना यातून सूट आहे. भारत त्यांत नाही. पन्नाशीतल्यांनी हा आकडा पाहिल्याशिवाय पुढच्या कशावरही खर्च करू नये. इथं फ्लॅटच्या मूल्यांकनाचा मात्र उपयोग होतो.

आरोग्यविमा

जर्मनीतला सरकारी पद्धतीचा आरोग्यविमा भारतातून थेट येणाऱ्या स्वयंरोजगारीला सहसा मिळत नाही, कारण त्यासाठी आधीचा ठरावीक काळ तिथल्या किंवा युरोपीय संघातल्या सरकारी विम्यात असावा लागतो. मग उरतो खाजगी. त्यात वय आणि आजार पाहून हप्ता ठरतो. मधुमेह, रक्तदाब असेल तर कंपन्या नकार देतात किंवा हप्ता चढवतात; कायद्यानं द्यावाच लागणारा मूळ प्रकारचा विमा असतो, पण तो महाग असतो.

स्वस्त म्हणून ‘इनकमिंग’ नावाचे, परदेशातून येणाऱ्यांसाठीचे तात्पुरते विमे विकले जातात. व्हिसासाठी, पहिल्या काही महिन्यांपुरते ते चालू शकतात. पण तिथं गेल्यावर रहिवास परवाना काढताना बहुतेक कार्यालयं ते नाकारतात, कारण त्यांना मुदत असते, आधीचे आजार त्यात नसतात आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा जोडलेला नसतो. म्हणून हिशेबात खऱ्या खाजगी विम्याचा हप्ताच धरा.

लेखक, पत्रकार, चित्रकार, संगीतकार, डिझायनर यांच्यासाठी एक वेगळं दार आहे: ‘क्युन्स्टलरझोत्सियालकासे’, कलाकारांचा सामाजिक विमा निधी. १९८३ पासून चालू असलेली ही व्यवस्था नोकरदाराच्या मालकासारखी विमा-पेन्शनच्या हप्त्याचा सुमारे निम्मा भाग उचलते आणि त्यातून सरकारी आरोग्यविम्यात प्रवेश मिळतो. कलेतून किंवा लेखनातून वर्षाला ३,९०० युरोंच्या वर उत्पन्न हवं. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना पहिली तीन वर्षं ही अट शिथिल आहे. अर्ज तिथं पोचल्यावर करायचा आणि निकालाला महिने लागतात, त्यामुळे तोवरचा विमा हवाच. तांत्रिक अनुवाद यात सहसा बसत नाही, साहित्यिक अनुवाद बसतो.

बाकीचे कागद आणि अर्ज

इथं फार रेंगाळण्यासारखं काही नाही. गेल्या दहा वर्षांत काढलेला, दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो. तारखांमध्ये खंड नसलेला बायोडेटा, पदव्या, अनुभवपत्रं, कामाचे नमुने. जर्मन येत असेल तर गोएथे परीक्षेचं प्रमाणपत्र. कायद्यानं ते बंधनकारक नाही, पण भाषा न येता स्थानिक ग्राहक कसे सांभाळणार हा प्रश्न ते मिटवतं. राहण्याचा पत्ता: भाडेकरार नसला तरी पहिल्या काळासाठी खोलीची नोंद किंवा यजमानाचं पत्र. मराठीतले दाखले असतील तर अधिकृत अनुवाद.

एजंट बऱ्याचदा सगळ्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरावा म्हणूनचा सरकारी शिक्का, करून घ्यायला लावतात. भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीनं भारतापुरता आक्षेप नोंदवला. लग्नाचे, जन्माचे दाखले गरज पडली तर जर्मन वकिलाती स्वतःच्या पद्धतीनं पडताळतात. यादीत मागितलेलं नसेल तर त्यावर पैसे घालवू नका.

सोबतचं विनंतीपत्र दोन पानांच्या आत ठेवा. मी कोण, काय काम करते, जर्मनीतच आणि याच शहरात का, ग्राहक कोण, उत्पन्न किती, राहणार कुठे. प्रत्येक दाव्यापुढे ‘जोडपत्र ४’ असा क्रमांक. अधिकाऱ्याला कागद शोधायला लावू नका.

अर्ज कुठे करायचा हे तुमच्या वास्तव्यावरून ठरतं. मुंबईची वकिलात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड पाहते. बेळगावकरांनी बंगळूरला जायचं. २०२५ च्या जानेवारीपासून जर्मन परराष्ट्र खात्याचं ऑनलाइन पोर्टल लांब मुदतीच्या व्हिसांसाठी खुलं आहे. कागद तिथं चढवले की आधी प्राथमिक छाननी होते आणि मग बोटांचे ठसे व मूळ कागदांसाठी बोलावणं येतं. शुल्क ७५ युरो, रुपयांत भरायचं. मुलाखत बहुधा छोटी असते: ग्राहक कसे मिळाले, दर कसा ठरवला, पहिल्या महिन्यात काय करणार. व्यवसाय आराखडा दुसऱ्याकडून लिहून घेतलेला असला की तो इथं उघडा पडतो.

अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाचे नागरिक थेट जर्मनीत उतरून परवान्याचा अर्ज करू शकतात. इंटरनेटवरचे बहुतेक इंग्रजी अनुभव त्यांचेच असतात. भारतीय पासपोर्टवर हे चालत नाही. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथं बदलून घेऊ, हा विचार सोडा.

मग वाट पाहायची. फाईल शहराच्या कार्यालयाकडे जाते, गरज वाटल्यास ते व्यावसायिक मंडळाचं मत घेतात; तीन महिने सहज जातात. मधे ‘अमुक कागद पाठवा’ असा मेल आला तर दिलेल्या मुदतीत उत्तर द्या. मुंबईतलं घर सोडणं, विमानाचं तिकीट, हे सगळं शिक्का हातात पडल्यावर. नकार आला तर पूर्वी वकिलातीकडेच फेरविचाराचा अर्ज करता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय जगभर बंद झाली. आता एक तर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात महिन्याच्या आत दावा, नाहीतर सुधारलेला नवा अर्ज. कारण जर ‘ग्राहक अपुरे’ असं असेल तर नवा अर्जच शहाणपणाचा.

इकडची आवराआवर

ही पायरी बहुतेक याद्यांमध्ये नसते. परदेशात वास्तव्य बदललं की तुमचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. जीएसटी नोंदणी असेल तर शेवटची विवरणपत्रं भरून ती रद्द करा. चालू पीपीएफ मुदत पूर्ण होईपर्यंत ठेवता येतं, नवं उघडता येत नाही. कामासाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला करासाठी १८२ दिवसांचा निकष लागतो. म्हणून २८ सप्टेंबरपर्यंत निघालात तर त्या वर्षी भारतात अनिवासी ठरण्याची शक्यता असते. तुमच्या प्रसंगात ते फायद्याचं आहे का, हे सीएला विचारा.

भारतातले ग्राहक सोबत नेणार असाल तर त्यांना सांगा की तुम्ही आता अनिवासी आहात. त्यांना टीडीएसचे वेगळे नियम लागतील. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण त्याचा लाभ घ्यायला जर्मन करखात्याकडून रहिवासाचं प्रमाणपत्र काढावं लागतं.

उतरल्यावर

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद, ‘आनमेल्डुंग’. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ते देणार नाही म्हणणाऱ्याची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, कारण पुढचं सगळं या नोंदीवर अडतं. काही आठवड्यांत कर ओळख क्रमांक पोस्टानं येतो. दारावरच्या पाटीवर तुमचं नाव लावा, नाहीतर पोस्टमन पत्र परत नेतो.

काम सुरू केल्यापासून महिन्याच्या आत ‘एल्स्टर’ या ऑनलाइन कर पोर्टलवर स्वयंरोजगाराची प्रश्नावली भरायची. इथंच तुम्ही स्वतःला मुक्त व्यावसायिक म्हणून नोंदवता आणि बिलावर टाकायचा कर क्रमांक मिळतो. अंदाजे नफा विचारतात; फुगवून लिहिलात तर १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर आणि १० डिसेंबरला त्या हिशेबानं आगाऊ कर भरावा लागतो. व्हिसाच्या फाईलमधला आकडा आणि हा आकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक मात्र नको. मागच्या वर्षीची उलाढाल २५,००० युरोंच्या आत असेल तर छोट्या उद्योजकाची सवलत घेऊन १९ टक्के विक्रीकर लावणं टाळता येतं. ही मर्यादा २०२५ पासूनची आहे. पहिल्याच वर्षी नोंद करताना त्या वर्षाची उलाढाल याच मर्यादेत राहायला हवी.

व्हिसाच्या स्टिकरवर आणि नंतरच्या कार्डासोबतच्या पानावर कोणत्या कामाची परवानगी आहे ते छापलेलं असतं. नीट वाचा. ‘अनुवादक म्हणून स्वतंत्र काम’ असं असेल तर त्यावर योगवर्ग सुरू करता येत नाहीत, आधी बदल मागावा लागतो. व्हिसा संपण्याच्या आत रहिवास परवान्याचा अर्ज करा. भेटीची वेळ मिळाली नाही तरी अर्ज वेळेत पोचला असेल तर तुमचा हक्क चालू राहतो आणि तसं तात्पुरतं प्रमाणपत्र मागता येतं. परवाना बहुधा एक ते तीन वर्षांचा असतो.

भाषा, संगीत, योग शिकवणाऱ्यांसाठी एक कमी माहितीची गोष्ट: कुणालाही नोकरीवर न ठेवता स्वतंत्रपणे शिकवणाऱ्यांना जर्मनीत सरकारी पेन्शनचा हप्ता सक्तीचा आहे, नफ्याच्या १८.६ टक्के. बरेच जण हे नोटीस आल्यावर शिकतात, मागच्या थकबाकीसह. वरचा हिशेब मांडताना शिक्षकांनी ही ओळ वाढवावी.

नूतनीकरणाच्या वेळी अंदाज चालत नाहीत. करखात्याचा निर्धारण आदेश, चालू वर्षाचा नफा-तोटा आणि बर्लिनसारख्या शहरात कर सल्लागारानं भरून दिलेला छापील अहवाल लागतो. म्हणून पहिल्या महिन्यापासून प्रत्येक बिल क्रमवार ठेवा. कायमचा परवाना मुक्त व्यावसायिकांना पाच वर्षांनी मागता येतो. तीन वर्षांचा जवळचा रस्ता कलम २१ मध्ये आहे, पण तो धंदेवाल्यांसाठी, तुमच्यासाठी नाही. त्या वेळी बी १ पातळीची जर्मन, समाज-कायद्याची चाचणी आणि ६० महिन्यांचे पेन्शन हप्ते किंवा तितकीच दुसरी तरतूद दाखवावी लागते. हप्ते सक्तीचे नसले तरी स्वेच्छेनं भरता येतात, महिना शंभर-सव्वाशे युरोंपासून. पाचव्या वर्षी साठ महिने एकदम भरायची सोय नाही, म्हणून हे पहिल्याच वर्षी सुरू करा.